सहा टक्क्यांचा फरक: थिअरी, प्रयोग आणि सिम्युलेशन एकत्र आणायचे म्हणजे काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही संशोधनाच्या दुसऱ्या वर्षाला आहात. पाण्याच्या चॅनेलमध्ये आडव्या बसवलेल्या ४ मिलिमीटर व्यासाच्या दांड्यामागे जे भोवरे सुटतात, त्यांवर काम चालू आहे. रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे वेग गुणिले व्यास गुणिले घनता भागिले व्हिस्कॉसिटी (द्रवाचा चिकटपणा), १००. तुमच्या द्विमितीय सिम्युलेशनमध्ये स्ट्रूहाल नंबर, म्हणजे भोवऱ्यांची वारंवारिता गुणिले व्यास भागिले वेग, ०.१६५ येतो. प्रयोग करणाऱ्या सहकाऱ्यांच्या मोजणीत तो ०.१५५ आला आहे. मार्गदर्शकांना पेपरमध्ये थिअरी, प्रयोग आणि कॉम्प्युटेशन तिन्ही हवेत. तुम्ही विचारता की ‘दोन्ही निष्कर्ष समाधानकारक जुळतात’ असं लिहून थिअरीचा एक विभाग पुढे जोडला तर चालेल का, आणि एकूणच या तिन्हींची सांगड घालायची म्हणजे नेमकं काय करायचं.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे: तसं लिहू नका. हे सहा टक्के तुमच्याकडची आत्ताची सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे आणि ‘समाधानकारक’ या एका शब्दाखाली तुम्ही ती पुरून टाकाल. या रेनॉल्ड्स नंबरला प्रवाह लॅमिनार, म्हणजे शिस्तीत वाहणारा आहे, खळबळत्या प्रवाहासाठी लागणाऱ्या टर्ब्युलन्स मॉडेलची भानगड नाही, समीकरणं पक्की माहीत आहेत. अशा ठिकाणी सहा टक्के कुठून तरी येतात, आणि कुठून ते सापडू शकतं. पन्नास हजार रेनॉल्ड्स नंबरला एवढा फरक पडला असता तर मी वेगळं बोललो असतो.

दुसऱ्या भागाचं उत्तर लांब आहे. बहुतेक जण या तिन्हींकडे एकाच निष्कर्षावर उठवायचे तीन शिक्के म्हणून पाहतात. मला तीस वर्षांच्या कामातून वेगळं दिसलं आहे. प्रत्येक पद्धतीला काही गोष्टी दिसूच शकत नाहीत, आणि त्या नेमक्या कोणत्या हे दुसरी पद्धत शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. म्हणून तिघी कुठे भांडू शकतील हे ठरवून काम आखावं लागतं. तुमच्याच दांड्यावर हे करून दाखवतो.

सुरुवात संशयितांच्या यादीपासून. पाण्याचं तापमान कोणी नोंदलं आहे का? २० अंश सेल्सिअसला पाण्याची व्हिस्कॉसिटी १.००२ मिलिपास्कल-सेकंद असते, २५ अंशांना ०.८९०. म्हणजे पाच अंशांत सुमारे ११ टक्के फरक. वहीत ‘खोलीचं तापमान’ एवढंच लिहिलं असेल तर तुमचा १०० हा रेनॉल्ड्स नंबर प्रत्यक्षात ९० असू शकतो. याने किती बिघडेल याचा अंदाज कागदावर काढता येतो. रॉश्को यांनी १९५४ मध्ये दिलेलं सूत्र सांगतं की या पट्ट्यात स्ट्रूहाल नंबर म्हणजे ०.२१२ गुणिले (१ वजा २१.२ भागिले रेनॉल्ड्स नंबर). १०० ला ०.१६७ येतो, ९० ला ०.१६२. तीन टक्के. म्हणजे तापमानाची चूक अर्धा फरक खाऊ शकते, सगळा नाही. हा दोन ओळींचा हिशेब म्हणजेच थिअरीची पहिली मदत. सिम्युलेशन पुन्हा चालवायच्या आधी तो करायचा.

मग वेग. तुमच्या दांड्याला आणि या रेनॉल्ड्स नंबरला पाणी सेकंदाला साधारण अडीच सेंटिमीटर सरकत असणार. त्याचे सहा टक्के म्हणजे दीड मिलिमीटर. पंपाच्या डायलवरून काढलेला वेग एवढा चुकणं अगदी सहज शक्य आहे, आणि स्ट्रूहाल नंबरच्या व्याख्येत वेग भागाकारात असल्यामुळे ती चूक थेट उतरते.

वेग तपासण्याची एक सुंदर पद्धत आहे आणि ती कुठल्याही उपकरणात नाही, थिअरीत आहे. पंप हळूहळू मंद करत जा. एका ठिकाणी भोवरे सुटायचे थांबतील आणि दांड्यामागे दोन शांत, सममित भोवरे चिकटून राहतील. लांब दांड्यासाठी हा उंबरठा रेनॉल्ड्स नंबर ४७ च्या आसपास आहे. तो रेषीय स्थिरतेच्या, म्हणजे लहानसा धक्का वाढतो की विरतो याच्या, गणितातून येतो, सिम्युलेशनमधून येतो आणि काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांतूनही येतो. तो नेमका पकडायला लांडाऊ यांचं समीकरण कामाला येतं. उंबरठ्याच्या जरा वर दोलनाच्या अॅम्प्लिट्यूडचा वर्ग हा उंबरठ्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. प्रोवांसाल आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हे प्रयोगात दाखवलं होतं. तेव्हा पाच-सहा वेगांना वेकमधल्या, म्हणजे दांड्यामागच्या ढवळलेल्या प्रवाहातल्या, एका बिंदूवरचं दोलन मोजा, त्याचा वर्ग वेगापुढे मांडा, सरळ रेष ओढा, ती शून्याला कुठे पोहोचते ते पाहा. तिथला तुमचा रेनॉल्ड्स नंबर ४७ ऐवजी ५० भरत असेल तर वेग, व्यास आणि व्हिस्कॉसिटी यांच्या मोजणीत मिळून सहा टक्के चूक आहे. प्रवाहाने स्वतःच तुमचं कॅलिब्रेशन करून दिलं. थिअरी हे असं काम करू शकते हे मला कोणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

सिम्युलेशनच्या बाजूचे संशयित मी पटकन सांगतो, कारण ते तुम्हाला माहीत असणार: ग्रिड (गणितासाठी जागेचे केलेले चौकोन), टाइम-स्टेप (वेळेची पायरी) आणि डोमेनची, म्हणजे गणितात धरलेल्या जागेची, रुंदी. तीन ग्रिड घ्या, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट बारीक, आणि आकडा कोणत्या वेगाने स्थिरावतो ते तपासा. पद्धत दुसऱ्या ऑर्डरची, म्हणजे चूक ग्रिडच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होणारी, असेल तर दर वेळी फरक चौथा हिस्सा व्हायला हवा. होत नसेल तर कोडमध्ये काही तरी आहे. डोमेनच्या बाजू दांड्याच्या जवळ असतील तर पाणी त्या फटीतून जास्त वेगाने निघतं आणि स्ट्रूहाल नंबर वर जातो. हे पाहायचं, दुरुस्त करायचं आणि पुढे जायचं.

समजा हे सगळं झालं. उंबरठा ४७ ला आला, ग्रिड पक्की आहे, डोमेन रुंद आहे, तरीही १०० ला ०.१६५ आणि ०.१५५. आता मी माझी गोष्ट सांगतो, कारण तुमचे आकडे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो.

मी या कामाला लागलो तेव्हा मला जवळपास हाच फरक आला होता. मी सिम्युलेशन करणारा. प्रयोग दुसऱ्या मजल्यावर चालायचा आणि मला तिथून आकड्यांची फाइल यायची. दोन महिने मी ग्रिड बारीक करत होतो. ०.१६५ काही हलेना. एके संध्याकाळी प्रयोग करणारे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, वर ये आणि स्वतः बघ. त्यांनी खोलीतले दिवे घालवले, एका बाजूने प्रकाशाची पातळ चादर सोडली आणि दांड्याच्या पूर्ण लांबीवर लावलेला रंग पाण्यात विरघळू दिला. मी नेहमी चित्र पाहायचो ते दांड्याच्या टोकाकडून, म्हणजे भोवऱ्यांचे गोल छेद. त्या दिवशी पहिल्यांदा वरून पाहिलं. भोवऱ्यांच्या दोऱ्या दांड्याला समांतर नव्हत्याच. दोन्ही भिंतींकडून त्या मागे पडत तिरप्या येत होत्या आणि मधोमध बाणाच्या टोकासारख्या मिळत होत्या. फोटो काढला, कागदावर छापला, कोनमापक ठेवला. साधारण २० अंश. २० अंशांचा कोसाइन ०.९४. आणि ०.१६५ गुणिले ०.९४ म्हणजे ०.१५५.

आम्ही काही नवीन शोधलं नव्हतं. विल्यमसन यांनी १९८९ मध्ये हे नीट मांडून ठेवलं होतं. त्याआधी वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे स्ट्रूहाल नंबर एकमेकांशी जुळत नसत, काही आलेखांत मध्येच तुटक उड्या दिसत, आणि त्यावर बराच खल झाला होता. विल्यमसन यांनी दाखवलं की भोवरे तिरपे सुटत असतील तर मोजलेल्या नंबराला कोनाच्या कोसाइनने भागा, म्हणजे सगळे बिंदू एकाच वक्रावर येऊन बसतात. कारणही समजण्यासारखं आहे. दांड्याच्या टोकांशी, भिंतीजवळ, परिस्थिती वेगळी असते आणि तिथले भोवरे जरा सावकाश सुटतात. टोक मागे पडलं की शेजारचा तुकडा मागे ओढला जातो, मग त्याच्या शेजारचा, आणि हा तिरपेपणा आत सरकत सरकत पूर्ण लांबी व्यापतो. दांडा व्यासाच्या पन्नासपट लांब आहे म्हणून टोकांचा परिणाम मध्यावर पोहोचणार नाही, हा आपला भरवसा इथे चुकतो. टोकांना छोट्या प्लेटा लावून त्यांची पुढची कड किंचित आत वळवली की भोवरे पुन्हा समांतर होतात. आम्ही तसं केलं आणि आकडा ०.१६४ च्या घरात आला.

आता या गोष्टीत कोणी काय केलं ते पाहा. माझ्या द्विमितीय सिम्युलेशनला तिरपं होण्याची मुभाच नव्हती. त्यात तिसरी दिशा नव्हती, म्हणून ग्रिड कितीही बारीक केली असती तरी ते मला हे कधीच सांगू शकलं नसतं. पण त्याच मर्यादेमुळे शुद्ध समांतर स्थितीचा स्वच्छ आकडा मिळाला, जो नुसत्या प्रयोगातून मिळत नव्हता. प्रयोगाने तिरपेपणा दाखवला, मात्र तो मोजणाऱ्या एकट्या प्रोबला तिरपं आणि सरळ यांतला फरक कळत नव्हता. त्याला फक्त वारंवारिता दिसत होती. आणि या दोघांना जोडणारी कडी होती एक कोसाइन, म्हणजे शाळेतली भूमिती. मार्गदर्शक ‘थिअरी हवी’ म्हणतात तेव्हा पानभर डेरिव्हेशनच हवं असं समजू नका. उंबरठ्याची सरळ रेष, रॉश्को यांचं सूत्र, हा कोसाइन, एखादा स्केलिंगचा अंदाज, ‘हे सममित आहे म्हणून ते शून्य असायलाच हवं’ हा एक तर्क, ही सगळी थिअरीच आहे. आणि ती शेवटच्या विभागात जोडण्यापेक्षा रोजच्या कामात मिसळली तर जास्त उपयोगी पडते.

तुमच्याही ०.१५५ मागे हेच असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तपासायला एक संध्याकाळ पुरते.

जुळणं या गोष्टीवर मी एवढा अविश्वास का दाखवतो, हेही सांगायला हवं. इतिहासात याचं एक उदाहरण आहे जे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. १९०० मध्ये बेनार यांनी द्रवाचा पातळ थर खालून तापवला आणि त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनी कप्पे दिसले. १९१६ मध्ये रॅले यांनी गणित मांडलं: खालचा द्रव तापून हलका होतो, तापमानातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वर उसळतो आणि कप्पे तयार होतात. गणित निर्दोष होतं. प्रयोगात कप्पे होते, थिअरीत कप्पे होते, त्यांच्या रुंदीचाही मेळ बसत होता. विषयाला दोघांचं जोडनाव मिळालं. पण एक गोष्ट खटकत होती. बेनार यांचे थर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे होते आणि रॅले यांच्या गणिताला जेवढा तापमान-फरक लागतो त्यापेक्षा कितीतरी कमी फरकाला त्यांत कप्पे उमटत होते. १९५६ मध्ये ब्लॉक यांनी प्रयोगांनी दाखवलं की पातळ थराच्या पृष्ठभागावर रेणूभर जाडीची फिल्म पसरली की कप्पे विरून जातात, आणि थर खालून गार केला तरीही ते तयार होऊ शकतात. खालून गार केलेला द्रव हलका होऊन वर उसळणं शक्यच नाही. १९५८ मध्ये पिअर्सन यांनी गणित केलं आणि खरं कारण समोर आलं: पृष्ठताण तापमानानुसार बदलतो आणि तोच द्रवाला ओढतो. बेनार यांच्या कप्प्यांमागे मुख्यतः हे होतं. रॅले यांचं गणित आजही खरं आहे. वरून-खालून प्लेटांनी बंद केलेल्या थरासाठी रॅले नंबरचा (उसळीचा जोर तिला होणाऱ्या विरोधाच्या मानाने किती, हे सांगणारा आकडा) १७०८ हा उंबरठा प्रयोगात हुबेहूब येतो. फक्त ते दुसऱ्याच घटनेचं गणित होतं. चित्रं जुळली म्हणून चाळीस वर्षं दोन वेगळ्या गोष्टी एक समजल्या गेल्या.

यातून मी स्वतःपुरता एक प्रश्न घेतला: माझी समजूत चुकीची असती तर ही तुलना मला ते सांगू शकली असती का? बेनारच्या बाबतीत कप्प्यांचा आकार ते सांगू शकत नव्हता. थराची जाडी बदलणं सांगू शकलं असतं, कारण जाडीबरोबर उसळीचा आणि पृष्ठताणाचा परिणाम वेगळ्या दराने वाढतो. असा एक तरी खटका प्रत्येक अभ्यासात शोधून ठेवावा. तुमच्याकडे तो आहे: टोकांच्या प्लेटा. त्या लावून आकडा बदलला नाही तर माझी तिरपेपणाची कल्पना खोटी.

तिघींनी एकमेकींना खरोखर पुढे ढकललं याचं माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण सॅफमन आणि टेलर यांचं आहे. दोन काचा अगदी जवळ समांतर ठेवल्या, मधल्या फटीत घट्ट द्रव भरला आणि एका टोकाने हवा ढकलली, तर हवेचं एक गुळगुळीत बोट द्रवात घुसत जातं. १९५८ मध्ये त्यांनी मोजलं की वेग पुरेसा असला की बोट चॅनेलच्या जवळपास निम्म्या रुंदीचं होतं. पृष्ठताण सोडून देऊन त्यांनी अचूक गणित केलं, तर उत्तरं अगणित आली: बोट कोणत्याही रुंदीचं असू शकतं. निसर्ग निम्मी रुंदीच का निवडतो, हे थिअरी सांगेना. १९८१ मध्ये मॅक्लीन आणि सॅफमन यांनी पृष्ठताण धरून संगणकावर समीकरण सोडवलं, तेव्हा वाटेल ती रुंदी मिळेना. पृष्ठताण शून्याकडे नेला की रुंदी अर्ध्याकडे जाऊ लागली. पण त्याच अभ्यासात पृष्ठताण लहान मानून पायरीपायरीने केलेला विस्तार कोणत्याही पायरीला रुंदी ठरवत नव्हता. एकच समीकरण, एकाच अभ्यासात दोन पद्धती, आणि दोघींचं म्हणणं परस्परविरोधी. अशा वेळी ‘न्यूमेरिकल एरर’ म्हणून सोडून देण्याचा मोह किती असतो ते मला माहीत आहे. त्यांनी तो विरोध जसाच्या तसा मांडला. पुढे १९८६ च्या सुमारास अनेकांनी मिळून उलगडलं की रुंदी ठरवणारं पद इतकं सूक्ष्म आहे, एक्स्पोनेन्शियली लहान आहे, की नेहमीच्या विस्ताराच्या कुठल्याच पायरीत ते दिसत नाही. संगणकाला ते दिसत होतं कारण त्याने विस्तार केलाच नव्हता. आणि प्रयोगाशी तरीही उरलेला फरक काचांवर मागे राहणारी द्रवाची पातळ फिल्म हिशेबात धरल्यावर कमी झाला. तीस वर्षं लागली. मला हा प्रवास आठवला की आजही मन भरून येतं.

उलट प्रकारही होतो, थिअरी बरोबर आणि प्रयोग आंधळा. टॉल्मीन यांनी १९२९ मध्ये आणि श्लिख्टिंग यांनी १९३३ मध्ये सपाट प्लेटवरच्या बाउंडरी लेयरमध्ये (पृष्ठभागालगतच्या संथ, पातळ थरात) लहानशा लाटा वाढत जातील असं भाकीत केलं. विंड टनेलमध्ये त्या कोणालाच दिसेनात. अनेकांनी थिअरीच नाकारली. शेवटी १९४० च्या दशकात शुबाउअर आणि स्क्रॅमस्टॅड यांनी टनेलमधला गोंधळ टक्क्याच्या काही शतांश भागांपर्यंत खाली आणला, भिंतीलगत एक पातळ धातूची पट्टी थरथरवली, आणि लाटा भाकितानुसार उमटल्या. आधीच्या टनेलमध्ये हवेतला गोंधळच इतका होता की लाटांना वाढायला सवड मिळत नव्हती.

म्हणून ‘प्रयोग म्हणजे सत्य, सिम्युलेशन त्याच्यापुढे परीक्षार्थी’ ही मांडणी मला पटत नाही. किम, मोइन आणि मोझर यांनी १९८७ मध्ये सुमारे ४० लाख ग्रिड-बिंदूंवर चॅनेलमधला टर्ब्युलन्स कोणत्याही मॉडेलशिवाय सोडवला, तेव्हा भिंतीलगतचे त्यांचे आकडे मोजमापांशी पद्धतशीरपणे जुळत नव्हते. त्यांनी ते लपवलं नाही, आणि फरकाची संभाव्य कारणं मोजमापाच्या बाजूनेही तपासली. तापलेल्या तारेचा प्रोब भिंतीजवळ नेला की तारेची उष्णता भिंतीत जाते आणि वेग चुकीचा वाचला जातो, हे प्रयोग करणाऱ्या कोणालाही विचारा.

आता तुलना करण्याच्या पद्धतीविषयी, कारण इथे फार चांगले लोकही घसरतात. तुमच्या प्रयोगशाळेत पीआयव्ही आहे असं तुम्ही लिहिलं आहे. पाण्यात बारीक कण सोडायचे, लेझरच्या चादरीत त्यांचे लागोपाठ दोन फोटो घ्यायचे आणि फोटोचे छोटे चौकोन करून प्रत्येक चौकोनातले कण किती सरकले ते काढायचं. समजा चौकोन ३२ बाय ३२ पिक्सेलचा आहे. याचा अर्थ त्या चौकोनातल्या सगळ्या वेगांची सरासरी तुम्हाला मिळते. दांड्याच्या बाजूने सुटणारा कातरथर, म्हणजे वेग झपाट्याने बदलणारा थर, त्याहून पातळ असेल तर त्यातला चढ सपाट होणारच, आणि भोवऱ्याच्या केंद्रातली व्हॉर्टिसिटी (द्रव स्वतःभोवती किती फिरतो त्याचं माप) कमी दिसणारच. तुमच्या सिम्युलेशनमध्ये तोच कातरथर वीस बिंदूंत उतरला आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘सिम्युलेशन व्हॉर्टिसिटी जास्त दाखवतं’ म्हणणं हा दोघांवरही अन्याय आहे. सिम्युलेशनचं क्षेत्र आधी त्याच आकाराच्या चौकोनांतून सरासरी करून घ्या, त्याच ठिकाणी नमुने घ्या, त्याच पद्धतीने व्हॉर्टिसिटी काढा, मग तुलना करा. त्याहून चांगलं म्हणजे सिम्युलेशनमध्ये खोटे कण सोडा, त्यांचे खोटे फोटो तयार करा आणि ते प्रयोगाच्याच सॉफ्टवेअरमधून काढा. दोन दिवसांचं काम आहे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ज्या फरकावर आम्ही महिनाभर वाद घातला होता त्याचा बराचसा भाग नाहीसा झाला, आणि जो उरला तो खरा होता.

सरकण्याच्या मोजणीत साधारण ०.१ पिक्सेलची अनिश्चितता धरतात. कण ८ पिक्सेल सरकले तर ती सव्वा टक्का झाली, पण वेकच्या संथ भागात १ पिक्सेलच सरकले तर दहा टक्के. म्हणजे एकाच चित्रात एरर-बार जागेनुसार बदलतो. तो तसाच दाखवा. आणि सिम्युलेशनच्या वक्रालाही एरर-बार असतो, ग्रिडच्या अभ्यासातून आलेला. प्रयोगाचे बिंदू पट्ट्यांसकट आणि सिम्युलेशनची रेष मात्र एकदम नितळ, असा आलेख पाहिला की मी पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

आणखी एक सावधगिरी, तुम्ही पुढे जास्त रेनॉल्ड्स नंबरला जाल तेव्हासाठी. दांड्यामागचा प्रवाह १९० च्या जवळ स्वतःहून त्रिमितीय होतो. बार्कली आणि हेंडरसन यांनी १९९६ मध्ये हा उंबरठा १८८.५ काढला, आणि तिथे उमटणाऱ्या नक्षीची तरंगलांबी व्यासाच्या चौपटीच्या जवळ आहे. ३०० ला द्विमितीय सिम्युलेशनही आकडे देईल, गुळगुळीत देईल, पण ते अस्तित्वात नसलेल्या प्रवाहाचे असतील. आणखी पुढे टर्ब्युलन्स मॉडेल आलं की त्याचे स्थिरांक कुठून आले ते वाचा. के-एप्सिलॉन या नेहमीच्या टर्ब्युलन्स मॉडेलमधला ०.०९ हा स्थिरांक साध्या कातरप्रवाहांच्या मोजमापांतून आलेला आहे. तशाच प्रवाहाशी तुलना करून ‘मॉडेल सिद्ध झालं’ म्हणणं म्हणजे उत्तरपत्रिकेतून घेतलेलं उत्तर पुन्हा उत्तरपत्रिकेशी ताडून पाहणं.

माणसांबद्दल थोडं. तीन गट तीन खोल्यांत बसून महिन्यातून एकदा फाइल पाठवत असतील तर ही सांगड बसत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे. तुम्ही एकदा तरी चॅनेल स्वतः भरा, दांडा बसवा, हवेचे बुडबुडे पुसून काढा, पाणी स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते पाहा. अडीच सेंटिमीटर वेगाला दिव्याची ऊबही पाण्यात मंद प्रवाह उठवू शकते, हे फाइलमध्ये कधीच लिहिलेलं नसतं. प्रयोग करणाऱ्या सहकाऱ्याला तुमच्याकडे बसवून एक छोटं सिम्युलेशन चालवायला लावा. मला एका प्रयोगकर्त्या बाईंनी विचारलेला सगळ्यांत उपयोगी प्रश्न होता, ‘तुझ्या गणितात पाणी येतं कसं?’ माझ्या इनलेटला, म्हणजे पाणी आत शिरतं त्या कडेला, वेग सगळीकडे एकसारखा होता. त्यांच्या चॅनेलमध्ये तळाशी दोन सेंटिमीटर जाडीचा संथ थर होता. आम्ही दोघंही वर्षभर ‘युनिफॉर्म इनलेट’ हाच शब्द वापरत होतो.

आणि निकाल पाहण्याआधी भाकीत लिहून ठेवा, तारखेसकट, दोघांनीही. ‘प्लेटा लावल्यावर ०.१६३ ते ०.१६७ यायला हवा’ असं वहीत लिहिलेलं असलं की नंतर मनाची समजूत घालायला जागा राहत नाही. एकदा उत्तर दिसलं की कोणत्या डोमेनचा आकडा पेपरमध्ये घ्यायचा, कोणती मोजणी ‘बिघडलेली’ म्हणून वगळायची, हे निर्णय नकळत त्या उत्तराकडे झुकतात. हे वाईट हेतूने होत नाही. सगळ्यांचंच होतं, माझंही झालं आहे.

प्रत्येक अभ्यासात तिन्ही हवेतच असा माझा आग्रह नाही. निव्वळ स्थिरतेचं चांगलं गणित किंवा एखादं स्वच्छ मोजमाप एकटं उभं राहू शकतं. पण तुमच्या बाबतीत तिन्ही हाताशी आहेत आणि ती एकमेकींशी भांडत आहेत, म्हणून मार्गदर्शकांचं म्हणणं योग्य आहे. पेपरची मांडणी मग अशी होईल: उंबरठ्यावरून कॅलिब्रेशन, तिरप्या भोवऱ्यांचा कोन, कोसाइनने सुधारलेला आकडा, प्लेटा लावून केलेली खातरजमा, आणि शक्य असेल तर टोकांच्या भिंती धरून केलेलं एक त्रिमितीय सिम्युलेशन, जे स्वतःहून तिरपं होतं की नाही हे पाहण्यासाठी. ते शेवटचं महाग आहे, पण माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा गाभा तिथे असू शकतो. टोकाचा परिणाम आत किती वेगाने सरकतो, हे त्यात तुम्हाला क्षणाक्षणाला पाहता येईल. प्रयोगात ते पकडणं अवघड आहे.

तोपर्यंत या आठवड्यात एवढंच करा. सहकाऱ्यांना विचारून एक संध्याकाळ चॅनेल मागून घ्या. पाण्याचं तापमान लिहा. दिवे घालवा, दांड्याच्या पूर्ण लांबीवर रंग सोडा आणि वरून फोटो घ्या. पंप सुरू केल्यावर निदान वीस मिनिटं थांबा, कारण तिरपेपणा टोकांकडून आत यायला वेळ घेतो आणि सुरुवातीला भोवरे समांतरच दिसतील. मग कोन मोजा, आणि वारंवारितेची फाइल उघडण्याआधी तो वहीत लिहा.